संगणकावर प्रथिनांचा अभ्यास: नाशिकमध्ये वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान नाशिक जिल्ह्यातल्या एम.एस्सी., फार्मसी आणि वैद्यकीय शाखेच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. द्राक्ष बागायतदार आणि सिकलसेलच्या तपासणीत काम करणारे आरोग्य कार्यकर्ते जे विचारतात तेही यात घेतलं आहे. उदाहरणं मुद्दाम जवळची निवडली आहेत: सुरगाणा, पेठ, कळवणच्या पट्ट्यात ज्याची तपासणी चालते ते सिकलसेलचं हिमोग्लोबिन, आणि द्राक्षावरच्या डाऊनी (केवडा) रोगाच्या रोगकारकातलं सायटोक्रोम बी हे प्रथिन, ज्याच्यामुळे काही औषधांना डाऊनी दाद देत नाही.

या कामात नेमकं करतात काय?

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची दुमडलेली साखळी. पुस्तकातलं तिचं चित्र स्थिर असतं. प्रत्यक्षात शरीराच्या तापमानाला तिचा प्रत्येक अणू हलत असतो, आणि बहुतेक प्रथिनांचं काम त्या हालचालीतच दडलेलं असतं. हिमोग्लोबिन ऑक्सिजन धरताना आपली ठेवण बदलतं, सोडताना पुन्हा पहिल्या ठेवणीत येतं. ही हालचाल अणूगणिक डोळ्यांनी पाहता येत नाही. म्हणून अणूंमधली बलं गणिताने मांडायची, न्यूटनचे नियम लावायचे आणि एकेक पाऊल पुढे जात प्रत्येक अणू कुठे पोचतो ते काढायचं. याला मॉलिक्युलर डायनॅमिक्स म्हणतात, बोलताना नुसतं 'एमडी'.

मॅकॅमन, जेलिन आणि कार्प्लस यांनी १९७७ मध्ये प्रथिनावर हे पहिल्यांदा केलं. प्रथिन ५८ अमिनो आम्लांचं, भोवती पाणी नाही, आणि एकूण काळ ९.२ पिकोसेकंद. आज एका विद्यार्थ्याच्या टेबलाखालच्या मशीनवर पाण्यासकट शेकडो नॅनोसेकंद होतात (एक नॅनोसेकंद म्हणजे हजार पिकोसेकंद). आपल्याकडचं कामही या विषयाच्या पायातच आहे. रामचंद्रन, रामकृष्णन आणि शशिशेखरन यांनी मद्रासमध्ये १९६३ साली साखळीचे कोणते कोन शक्य आणि कोणते अशक्य याचा जो नकाशा मांडला, त्यावर आजही जगातली प्रत्येक नवी रचना तपासली जाते.

एका अमिनो आम्लाने एवढा फरक पडतोच कसा?

सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हा आहे आणि तो अगदी योग्य प्रश्न आहे. हिमोग्लोबिनमध्ये चार साखळ्या असतात: १४१ अमिनो आम्लांच्या दोन अल्फा आणि १४६ च्या दोन बीटा. एकूण ५७४. सिकलसेलमध्ये बीटा साखळीतलं फक्त सहावं अमिनो आम्ल बदलतं. जनुकात जीएजी या अक्षरांच्या जागी जीटीजी येतं आणि ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलीन बसतं. लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये हा 'रेणूचा आजार' असल्याचं दाखवलं. व्हर्नन इन्ग्रॅम यांनी १९५६-५७ मध्ये बदलाची नेमकी जागा शोधली.

ग्लुटामिक आम्लावर ऋण प्रभार असतो, ते पाण्यात रमतं. व्हॅलीन पाणी टाळतं. ते प्रथिनाच्या बाहेरच्या पृष्ठभागावर आलं की त्याला लपायला जागा हवी असते. ऑक्सिजन सोडलेल्या हिमोग्लोबिनमध्ये शेजारच्या रेणूच्या बीटा साखळीवर फेनिलॲलनीन ८५ आणि ल्युसीन ८८ यांच्यामध्ये नेमका तसा खोलगट भाग तयार होतो. व्हॅलीन तिथे बसतं, रेणूला रेणू चिकटतो आणि बघता बघता चौदा धाग्यांचा ताठ तंतू उभा राहतो. ऑक्सिजन धरलेल्या ठेवणीत शेजारणीशी जुळणी नीट होत नाही, त्यामुळे फुप्फुसातून निघालेली पेशी गोल असते.

जागा तीच, पण व्हॅलीनऐवजी लायसीन आलं तर? त्याला हिमोग्लोबिन सी म्हणतात आणि त्यात असे तंतू होत नाहीत. म्हणजे प्रश्न फक्त 'मूळचं अमिनो आम्ल गेलं' एवढा नाही; त्या जागी काय आलं आणि समोर कोण उभं आहे यावर बिघाड ठरतो.

आता ऊर्जेचा हिशोब बघा, कारण पुढची सगळी उत्तरं त्यावर उभी आहेत. ३१० केल्विनला, म्हणजे ३७ अंश सेल्सियसला, ऊर्जेत १.४ किलोकॅलरी प्रति मोलचा फरक पडला की चिकटण्याचं प्रमाण दहापट बदलतं. १ किलोकॅलरीचा फरक म्हणजे पाचपट. एवढी ऊर्जा एखाद्या हायड्रोजन बंधातही असते. प्रथिनाची दुमडलेली ठेवण टिकवणारी निव्वळ ऊर्जाच साधारण ५ ते १५ किलोकॅलरी असते. सगळं काम अशा थोडक्या तोलावर चालतं, म्हणून छोटा बदल मोठा ठरतो.

सिकलसेलच्या रुग्णाच्या सगळ्या पेशी कायम वाकड्या का नसतात?

तंतू लगेच बनत नाही. ऑक्सिजन सुटल्यावर काही काळ काहीच घडत नाही आणि मग एकदम वेगाने तंतू वाढतो. हा मधला विलंब हिमोग्लोबिनच्या तीव्रतेवर कमालीचा अवलंबून असतो, जवळपास तिसाव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात. तीव्रता १० टक्के वाढली तर विलंब सतराव्या हिश्श्यावर येतो. पेशी केशवाहिनीतून साधारण एक-दोन सेकंदांत पार होते. त्याआधी तंतू बनला तर ती अडकते, नाहीतर सुटते.

मे महिन्यात उन्हात काम करणाऱ्या रुग्णाला पुन्हा पुन्हा पाणी प्यायला सांगतात त्यामागे हेच गणित आहे. शरीरातलं पाणी कमी झालं की तांबड्या पेशीतलंही कमी होतं आणि तीव्रता वाढते. हायड्रॉक्सीयुरिया या औषधाचा उपयोगही इथेच. त्याने गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन एफ वाढतं. त्याच्या गॅमा साखळीत ८७ व्या जागी बीटाच्या थ्रिओनीनऐवजी ग्लुटामिन असतं, ते शेजारच्या रेणूशी होणारा स्पर्श बिघडवतं आणि तंतूत भाग घेत नाही. भारतात आढळणाऱ्या अरब-भारतीय प्रकारात एफ मुळातच जास्त असतं. त्यामुळे बदल तोच असूनही दोन रुग्णांची तब्येत सारखी नसते. औषधाचे निर्णय मात्र डॉक्टरांचेच. या पानावरून गोळी सुरू किंवा बंद करू नये.

डाऊनीवर ॲझॉक्सिस्ट्रोबिन पूर्वीसारखं का लागू पडत नाही?

हे फवारणीचं औषध डाऊनीच्या रोगकारकाच्या मायटोकॉन्ड्रियातल्या सायटोक्रोम बी या प्रथिनाच्या एका खाचेत बसतं. त्या खाचेत युबिक्विनॉलकडून इलेक्ट्रॉन घेतले जातात. औषधाने जागा अडवली की श्वसन थांबतं आणि पेशीची ऊर्जा तुटते. खाचेच्या काठावर १४३ व्या जागी ग्लायसीन असतं, सगळ्यांत लहान अमिनो आम्ल. तिथे ॲलनीन आलं की हायड्रोजनच्या एका अणूच्या जागी मिथाइल गट येतो. तेवढ्याने औषधाच्या रेणूची जागा जाते, पण युबिक्विनॉलचं काम चालू राहतं. रोगकारक जगतो, औषध निरुपयोगी ठरतं.

हा बदल झालेल्या रोगकारकात प्रतिकार शंभरपटीहून जास्त असतो. १२९ व्या जागचा फेनिलॲलनीन ते ल्युसीन हा दुसरा बदल सौम्य, तिथे प्रतिकार बहुधा ५ ते १५ पट. वरच्या हिशोबाने शंभरपट म्हणजे सुमारे २.८ किलोकॅलरी. गणनेने हा आकडा पकडता येण्यासारखा आहे, म्हणून एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी हा विषय आम्ही आवर्जून सुचवतो.

सोयाबीनच्या तांबेऱ्यात १४३ चा बदल टिकत नाही. त्याच्या जनुकात या अक्षरांना लागूनच इंट्रॉन आहे, म्हणजे प्रथिन बनण्याआधी आरएनएमधून कापून टाकला जाणारा तुकडा. अक्षर बदललं तर इंट्रॉन नीट कापला जात नाही, प्रथिनच बनत नाही आणि बुरशी मरते. त्यामुळे तांबेऱ्यात १२९ चा सौम्य बदल दिसतो. औषध तेच, खाच तीच, पण जनुकाच्या मांडणीमुळे दोन पिकांचं भवितव्य वेगळं.

मग मात्रा वाढवावी का? की दुसरा ब्रँड घ्यावा?

शंभरपट प्रतिकाराला दुप्पट मात्रेने काही होत नाही. फक्त खर्च आणि मण्यांवरचा अंश वाढतो. ब्रँड बदलूनही उपयोग नाही, कारण पायराक्लोस्ट्रोबिन, क्रेसॉक्झिम-मिथाइल, फॅमोक्झाडोन हे सगळे त्याच खाचेत बसतात. डब्यावर 'फ्रॅक' गट क्रमांक बघा; औषध कोणत्या तऱ्हेने काम करतं ते त्यावरून कळतं. या सगळ्यांचा गट ११. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लांबला आणि डाऊनीचा धोका वाढला की फवारणीचा क्रम वेगवेगळ्या गटांचा हवा: मॅन्कोझेब, ताम्रयुक्त औषधं, मॅन्डिप्रोपामिड (गट ४०), ॲमेटोक्ट्राडिन (गट ४५). शेवटचं त्याच प्रथिन-संकुलावर काम करतं, पण वेगळ्या तऱ्हेने, त्यामुळे १४३ च्या बदलाचा त्याला अडथळा होत नाही. गट ४० लाही प्रतिकार होऊ शकतो. तिथे सेल्युलोज बनवणाऱ्या प्रथिनात बदल होतो. पण तो जनुकाच्या दोन्ही प्रती बदलल्याशिवाय दिसत नाही, म्हणून तुलनेने हळू पसरतो. मात्रा आणि काढणीपूर्व दिवसांसाठी मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची चालू यादीच वापरावी.

प्रत्येक आनुवंशिक बिघाड प्रथिनाच्या रचनेत दिसतो का?

नाही. भारतात बीटा थॅलेसेमियाचं सगळ्यांत जास्त आढळणारं कारण पहिल्या इंट्रॉनच्या पाचव्या अक्षरात आहे, जीच्या जागी सी. तिथे प्रथिनाचं एकही अमिनो आम्ल बदलत नाही. आरएनएची कापणी चुकते आणि बीटा साखळी कमी बनते. अशा बदलावर महिनाभर एमडी चालवली तरी काहीच हाती लागणार नाही. विषय ठरवण्याआधी बदल कोणत्या पायरीवरचा आहे ते बघा: कापणीवरचा, दुमडण्यावरचा, काम होतं त्या खाचेतला, की सिकलसेलसारखा नको तिथे चिकटण्याचा. पहिल्या प्रकाराला प्रथिनाचं सिम्युलेशन हे साधनच नव्हे.

सुरुवातीची रचना कुठून घ्यायची? आल्फाफोल्डचं मॉडेल चालेल का?

आल्फाफोल्ड हा अमिनो आम्लांच्या क्रमावरून प्रथिनाच्या रचनेचा अंदाज बांधणारा प्रोग्राम आहे. प्रयोगाने काढलेली रचना मिळत असेल तर तीच घ्या. पीडीबी या जागतिक संग्रहात ऑक्सिजन नसलेलं साधं हिमोग्लोबिन २एचएचबी या क्रमांकाखाली १.७४ अँगस्ट्रॉमच्या (१ अँगस्ट्रॉम म्हणजे ०.१ नॅनोमीटर) स्पष्टतेने आहे. सिकल हिमोग्लोबिन २एचबीएस मध्ये २.०५ अँगस्ट्रॉमला. त्यात दोन पूर्ण रेणू आहेत आणि व्हॅलीनचा तो स्पर्शही, म्हणून ती अमूल्य आहे. ॲझॉक्सिस्ट्रोबिन बसलेलं सायटोक्रोम संकुल १एसक्यूबी मध्ये आहे, पण ते गाईचं. डाऊनीच्या रोगकारकाची साखळी त्यावर बेतून घ्यावी लागते.

क्रमांकाची गफलत इथे हटकून होते. पीडीबीत सिकलचा बदल सहाव्या जागी आहे. युनिप्रॉट या प्रथिनांच्या क्रमांच्या संग्रहात (पी६८८७१) आणि आल्फाफोल्डच्या मॉडेलमध्ये सुरुवातीचं मेथिओनीन मोजतात, तिथे तोच बदल सातवा. फाइल उघडून त्या जागी खरंच ग्लुटामिक आम्ल आहे ना, हे डोळ्यांनी पाहून मगच बदल करा.

आल्फाफोल्डच्या भांडारात २० कोटींहून जास्त रचना आहेत आणि त्या कामाला २०२४ च्या नोबेलचा वाटाही मिळाला. पण मॉडेलवरचा विश्वासाचा आकडा वाचायलाच हवा: ९० च्या वर उत्तम, ७० ते ९० ठीक, ५० च्या खाली त्या भागाच्या ठेवणीवर काहीही बेतू नका, तो भाग बहुधा मुळातच सुटा, ठेवण नसलेला असतो. भांडारातल्या बीटा ग्लोबिनच्या मॉडेलमध्ये हीम (लोह असलेला, ऑक्सिजन धरणारा गट) नाही आणि शेजारच्या साखळ्याही नाहीत.

आल्फाफोल्डला बदललेली साखळी दिली की बिघाड कळेल ना?

बहुतेकदा दोन्ही रचना सारख्याच येतात. एका अमिनो आम्लाच्या बदलाचा परिणाम सांगण्यासाठी ते बनवलेलं नाही. 'रचनेत फरक आढळला नाही, म्हणून बदल निरुपद्रवी' हा निष्कर्ष प्रबंधांत पुन्हा पुन्हा दिसतो आणि तो चुकीचा आहे. सिकल हिमोग्लोबिनची एका रेणूची ठेवणही साध्या हिमोग्लोबिनपेक्षा फारशी वेगळी नाही. बिघाड दोन रेणूंच्या मधे आहे.

सिम्युलेशन सुरुवातीपासून कसं करायचं?

ग्रोमॅक्स हा एमडी चालवणारा प्रोग्राम मोफत आहे, आणि मदतीचे धडे भरपूर असल्याने नवख्याने तिथूनच सुरू करावं. हिमोग्लोबिन धरून पायऱ्या सांगतो.

पहिल्यांदा रचना साफ करा. अपुरे अणू भरून घ्या, स्फटिकीकरणासाठी घातलेले क्षार काढा, हीम मात्र ठेवा. मग हिस्टिडीन हे अमिनो आम्ल. घाई इथेच नडते. हिस्टिडीनवर प्रोटॉन कुठे बसवायचा हे प्रोग्राम अंदाजाने ठरवतो, आणि हिमोग्लोबिनमध्ये तो अंदाज पुरत नाही. लोहाला जोडलेल्या हिस्टिडीनचा (अल्फात ८७, बीटात ९२) एप्सिलॉन नायट्रोजन लोहाकडे असतो, म्हणून प्रोटॉन डेल्टावर हवा. बीटाच्या शेवटचं हिस्टिडीन १४६ ऑक्सिजन नसताना धन प्रभाराचं असतं आणि ॲस्पार्टिक आम्ल ९४ ला धरून ठेवतं. हा प्रोटॉन विसरलात तर ऑक्सिजनविरहित ठेवण टिकवणारा एक आधारच तुम्ही काढून घेतला.

फोर्स फील्ड (अणूंमधली बलं ठरवणाऱ्या सूत्रांचा आणि आकड्यांचा संच) एकच आणि पूर्ण निवडा. चार्म ३६एम घेतलं तर त्याचंच पाण्याचं मॉडेल आणि त्याचेच कटऑफ (अणूंमधली जवळची बलं किती अंतरापर्यंत मोजायची ती मर्यादा): १.२ नॅनोमीटर, बल १.० पासून हळूहळू शून्याकडे. ॲम्बरचं फोर्स फील्ड घेऊन चार्मचे कटऑफ लावणं किंवा हीमचे आकडे तिसरीकडून उचलणं टाळा. चार्ममध्ये हीमचे आकडे तयार आहेत.

प्रथिन पाण्याने भरलेल्या एका काल्पनिक पेटीत ठेवतात. पेटीच्या भिंतीपासून प्रथिन सगळ्या बाजूंनी किमान १.२ नॅनोमीटर लांब ठेवा. हिमोग्लोबिन सुमारे ६.४ नॅनोमीटर लांब आहे, म्हणजे ९ नॅनोमीटरची घनाकृती पेटी. तिच्यात साधारण २१-२२ हजार पाण्याचे रेणू मावतात. ०.१५ मोलर मिठासाठी ६० च्या आसपास सोडियम-क्लोराइडच्या जोड्या लागतात, शिवाय एकूण प्रभार शून्य करायला लागतील तेवढे आयन. सगळे मिळून ७५ हजारांच्या जवळ अणू. बाराबाजूंची, डोडेकाहेड्रॉन पेटी घेतली तर आकारमान ७१ टक्क्यांवर येतं आणि वेळ वाचतो.

मग ऊर्जा कमी करा, कमाल बल १००० किलोजूल प्रति मोल प्रति नॅनोमीटरच्या खाली येईपर्यंत. प्रथिनाचे जड अणू जागेवर बांधून १०० पिकोसेकंद ३१० केल्विनला तापवा, नंतर १ बार दाबाखाली निदान १ नॅनोसेकंद. बंधनं एकदम सोडू नका, त्यांचा जोर पायरीपायरीने कमी करा: १०००, ५००, १००, मग शून्य (किलोजूल प्रति मोल प्रति वर्ग नॅनोमीटर). यानंतर खरी धाव. पाऊल २ फेम्टोसेकंदांचं, हायड्रोजनचे बंध ताठ बांधलेले, दूरची विद्युतबलं पीएमई पद्धतीने. १०० नॅनोसेकंद म्हणजे ५ कोटी पावलं.

सायटोक्रोम बी पटलातलं प्रथिन आहे, ते नुसत्या पाण्यात सोडता येत नाही. चार्म-गुई या संकेतस्थळावर लिपिडच्या दुहेरी थरात बसवून घ्या. मायटोकॉन्ड्रियाच्या पटलात कार्डिओलिपिन असतं, ते वगळू नका.

यासाठी केवढं मशीन लागतं? घरच्या लॅपटॉपवर होईल का?

शिकण्यापुरतं होईल. पाऊण लाख अणूंची पेटी आठ कोरच्या प्रोसेसरवर दिवसाला काही मोजके नॅनोसेकंद पुढे जाते. त्याच पेटीला मध्यम दर्जाचं गेमिंग ग्राफिक्स कार्ड दिलं तर दिवसाला साधारण ५० ते १०० नॅनोसेकंद. दर १० पिकोसेकंदाला एक चौकट साठवली तर १०० नॅनोसेकंदांची फाइल ३ जीबीच्या आसपास होते. पाण्याशिवाय साठवलीत तर बरीच कमी, पण पाण्याचा अभ्यास नंतर करता येणार नाही.

३०० वॅट खाणारं मशीन दिवसरात्र चाललं तर रोज ७ युनिट जातात. एप्रिल-मेमध्ये नाशिकची दुपार चाळिशीला टेकते तेव्हा बंद खोलीत कार्ड तापून स्वतःचा वेग कमी करतं. कपाटात ठेवलेलं मशीन बाहेर काढा, मागची बाजू मोकळी ठेवा. वीज जाण्याची भीती फार बाळगू नका. ग्रोमॅक्स दर १५ मिनिटांनी चेकपॉइंट लिहितो आणि तिथूनच पुढे चालतो. चालू फाइल अर्धवट लिहिली जाऊ नये म्हणून छोटा यूपीएस मात्र हवाच.

सिम्युलेशन मध्येच 'फुटतं'. का?

लिंक्सच्या (बंध ताठ ठेवणारी ग्रोमॅक्समधली पद्धत) इशाऱ्यांचा पूर आला आणि प्रोग्राम थांबला, तर दहात आठ वेळा कारण शेवटच्या पायरीत नसून पहिल्या पायरीत असतं: एकमेकांवर चढलेले अणू, चुकीचे आकडे दिलेला औषधाचा रेणू, किंवा न भरलेला तुटका भाग. पाऊल २ वरून १ फेम्टोसेकंद करून गाडी चालू होते खरी, पण दोष तसाच राहतो. इशाऱ्यात दिलेला अणूक्रमांक शोधा, ती जागा व्हीएमडी किंवा पायमॉल या रचना दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये उघडून बघा.

चित्रात प्रथिनाचे दोन तुकडे पेटीच्या दोन टोकांना दिसले तर घाबरू नका. पेटीची एक भिंत ओलांडली की अणू समोरच्या भिंतीतून आत येतो. चौकटी पुन्हा जुळवून घ्या. हे न करता अंतरं मोजली तर मात्र आलेख निरर्थक येतात.

आरएमएसडीचा आलेख सपाट झाला. काम झालं ना?

आरएमएसडी म्हणजे सुरुवातीच्या रचनेपासून अणू सरासरी किती सरकले त्याचं माप. तो सपाट झाला म्हणून काम झालं असं नाही, आणि याचा पुरावा हिमोग्लोबिननेच दिला आहे. २०१८ मध्ये कार्प्लस आणि मोवली यांच्या गटाने दावा केला की ऑक्सिजनविरहित ठेवण टिकवायला १५ नॅनोमीटरची मोठी पेटी लागते, छोट्या पेटीत ती ढासळते. गाप्सिस आणि डी ग्रूट यांनी तेच काम प्रत्येक आकाराच्या पेटीत अनेकदा चालवून पाहिलं. पेटीचा परिणाम दिसला नाही; ठेवण कधी लवकर बदलते, कधी उशिरा, आणि एकेका धावेत तो योगायोग नियमासारखा भासतो. जाणकारांच्या बाबतीत हे घडू शकतं, तर एकाच १०० नॅनोसेकंदांच्या धावेवर आपण काय म्हणायचं?

म्हणून आमचा आग्रह: एकच लांब धाव घेण्याऐवजी किमान तीन स्वतंत्र धावा, प्रत्येकीचे सुरुवातीचे वेग वेगळे. साध्या आणि बदललेल्या प्रथिनातला फरक या तीन धावांच्या आपसातल्या फरकापेक्षा मोठा असेल तरच त्याला फरक म्हणा. आरएमएसडीवर थांबू नका. ज्या स्पर्शाबद्दल तुमचा प्रश्न आहे तोच मोजा: व्हॅलीन ६ ते फेनिलॲलनीन ८५ अंतर, हिस्टिडीन १४६ ते ॲस्पार्टिक ९४ अंतर, अल्फा-बीटा जोड्यांमधला कोन.

डॉकिंगमध्ये उणे ९ आलं. औषध सापडलं का?

डॉकिंग म्हणजे औषधाचा रेणू संगणकावर प्रथिनाच्या खाचेत बसवून तो किती घट्ट चिकटेल याचा अंदाज घेणं; आकडा जितका उणे तितकं चिकटणं घट्ट. त्यासाठीच्या ऑटोडॉक व्हिना या प्रोग्रामच्या आकड्यात २ ते ३ किलोकॅलरींची चूक सहज असते. ऊर्जेचा हिशोब आठवा: ३ किलोकॅलरी म्हणजे शंभरपटीहून जास्त. उणे ९ आणि उणे ८ मध्ये फरक आहे असं त्यावरून म्हणता येत नाही. शिवाय रेणू मोठा असला की आकडा आपोआप चांगला येतो. गुळवेल किंवा अश्वगंधेतले पन्नास रेणू घेऊन त्यांची क्रमवारी लावणारे प्रकल्प दरवर्षी होतात. प्रयोगाची जोड नसेल तर त्या क्रमवारीला अर्थ नाही.

डॉकिंग करायचंच तर आधी पद्धत तपासा. स्फटिकातला रेणू काढून पुन्हा बसवा. तो मूळ जागेपासून २ अँगस्ट्रॉमच्या आत यायला हवा. न चिकटणारे म्हणून माहीत असलेले रेणूही यादीत घाला आणि प्रोग्राम त्यांना खाली ढकलतो का बघा. रेणू जिथे शोधायचा ती पेटी खाचेभोवती २० ते २५ अँगस्ट्रॉमची पुरे. एक्झॉस्टिव्हनेस (शोध किती कसून घ्यायचा तो आकडा) मूळचा ८ असतो, तो ३२ करा आणि वेगवेगळे सीड देऊन पुन्हा चालवा.

बदलाने ऊर्जेत पडणारा फरक नीट मोजायचा कसा?

फ्री एनर्जी पर्टर्बेशनने. जुनं अमिनो आम्ल संगणकावर हळूहळू नव्यात बदलायचं, एकदा औषध बसलेलं असताना, एकदा नसताना. दोन्हींतला फरक म्हणजे उत्तर. १२ ते २० टप्पे, प्रत्येकी ५ नॅनोसेकंद, दोन्ही बाजू, तीन धावा: २० टप्प्यांना हे ६०० नॅनोसेकंद होतात. लागोपाठच्या टप्प्यांचे ऊर्जेचे आलेख एकमेकांवर पुरेसे येत नसतील तर मध्ये टप्पे वाढवा. नीट केलेल्या कामातही चूक १ किलोकॅलरीच्या आसपास राहते.

ग्लायसीन ते ॲलनीन हा बदल छोटा आणि प्रभार न बदलणारा, म्हणून नवख्याला झेपतो. ग्लुटामिक ते व्हॅलीनमध्ये पेटीचा एकूण प्रभार बदलतो आणि पीएमईमुळे खोटी ऊर्जा मिसळते. सोबत एक आयनही बदलत न्यावा लागतो. सुरुवात सायटोक्रोमपासून करा.

संगणकावरून सिकलसेलचं निदान होतं का?

नाही. आधी द्राव्यता चाचणी, मग हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणारं इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी, हाच मार्ग. द्राव्यता चाचणी एकटी वाहक आणि रुग्ण वेगळे सांगत नाही. इलेक्ट्रोफोरेसिस का चालतं हे मात्र इथे समजतं: दोन बीटा साखळ्यांवरचा एकेक ऋण प्रभार जातो, म्हणून सिकल हिमोग्लोबिन धन टोकाकडे हळू सरकतं. दोघंही पालक वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के असते, आधीची मुलं कशीही असोत.

नाशिकहून जवळ शिकायला आणि विचारायला कुठे?

महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशिकमध्येच आहे; वैद्यकीय बाजूसाठी तिथल्या संलग्न महाविद्यालयांतून मार्ग सुरू होतो. गणनेच्या बाजूने पुण्यातली सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचं बायोइन्फर्मेटिक्स केंद्र, आयसर, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि सी-डॅक या जागा. हिमोग्लोबिनच्या प्रयोगांसाठी मुंबईत परळची राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था. पत्र लिहिताना 'मला सिम्युलेशन शिकायचंय' एवढ्यावर थांबू नका. कोणतं प्रथिन, कोणता बदल, कोणती रचना आणि आतापर्यंत काय चालवलं ते चार ओळींत लिहा.

प्रबंधात पद्धतीबद्दल काय काय लिहायलाच हवं?

दुसऱ्या कोणाला तेच काम पुन्हा करता येईल एवढं. पीडीबी क्रमांक आणि काय काढलं, काय भरलं, प्रत्येक हिस्टिडीनची अवस्था, फोर्स फील्ड, पाण्याचं मॉडेल आणि प्रोग्रामची आवृत्ती, पेटीचा आकार, पाण्याचे रेणू, आयन, तापमान आणि दाब कोणत्या पद्धतीने सांभाळले, पाऊल, कटऑफ, धावा किती आणि प्रत्येक किती लांब, सुरुवातीचा किती भाग मोजणीतून वगळला आणि का. प्रत्येक सरासरीसोबत धावांमधला फरक द्या. फसलेल्या धावाही नोंदवा, विशेषतः ठेवण अनपेक्षितपणे बदललेल्या. सुरुवातीच्या आणि मांडणीच्या फायली, पाणी काढलेल्या चौकटी झेनोडो या संशोधनाच्या खुल्या ऑनलाइन संग्रहात मोफत ठेवता येतात, एका नोंदीत ५० जीबीपर्यंत. तिथे मिळणारा डीओआय क्रमांक प्रबंधात छापा.